मध्यम

पोप नवे आले आणि महिन्याभरात बोललेही.
रोमला बोलले ते इंदूरला शनिवारी पोचलं,
मी नाइट ड्यूटीला निघत होते तेव्हा,
वरच्या फ्लॅटमधल्या ग्रेटाच्या मोबाइलवरून:
ज्यांचा संसार मोडला, ज्यांनी पुन्हा मांडला,
त्यांना उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नका.
खाली तिनं फक्त एक बोट पाठवलं होतं, माझ्याकडं रोखलेलं.
गॅस बंद केलाय का बघायला मी परत आत गेले.
केला होता.

रविवारी मिस्सेनंतर नळाजवळ चहा असतो.
महूचे डिक्रूज अंकल, रेल्वेतले रिटायर गार्ड,
म्हणाले, आज हे, उद्या पुरुष पुरुषाशी, परवा काय?
आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची,
कुणाला काही कळायचं नाही, किती शांतता होती.
सिस्टर लिसम्मा हसल्या, तोंडावर हात ठेवून.
झाबुआकडच्या थावरिया मास्तरांनी विचारलं,
आमची माणसं सहा सहा महिने गुजरातेत भट्टीवर असतात,
त्यांच्याबद्दल काही बोलले का?
बोलले होते म्हणे.
ते कुणी फॉरवर्ड केलं नव्हतं.
कॉलेजातला एल्विन भिंतीला टेकून उभा होता.
त्यानं अर्धा चहा तुळशीसारख्या दिसणाऱ्या कसल्याशा रोपाला घातला
आणि स्कूटर काढली.

फादर तेक्कन म्हणाले, गोंधळ नको.
नियम तोच आहे. फक्त सूर बदललाय.

जालन्याचा माझा नवरा दुबईला गेला
आणि पत्र टाकायला विसरला;
वकिलाचं टाकायला विसरला नाही.
मग मी गजेंद्र फणसेशी कोर्टात लग्न केलं.
तेव्हापासून अकरा वर्षं मागचा बाक.
इथे परमप्रसाद म्हणतात, आमच्याकडं ख्रिस्तप्रसाद;
दोन्ही मिळत नाहीत.
रांग निघाली की मी गुडघे तिरके करून सगळ्यांना वाट देते.
लहान मुलं विचारतात, आंटी, तुम्ही?
मी म्हणते, पाय दुखतो.
अकरा वर्षं तोच पाय.

गजेंद्र मात्र पार वेदीच्या पायरीपर्यंत जातो.
दर ईस्टरच्या आधी तिथं कॉयरची पेटी खोलून बसतो,
भात्यातली भोकं शोधतो.
चपला बाहेर काढून जातो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

सासूबाईंना बातमी वाचून दाखवली.
म्हणाल्या, तुमच्या महाराजांना इतक्या लांबून
तुझं कळलं कसं गं?
सियागंजचा चहापत्तीवाला म्हणाला,
अपने को क्या भिया, पर आदमी ठीक लगता है।
आणि पन्नास ग्रॅम कमीच तोलली, नेहमीसारखी.

रात्री फादरांचं वाक्य गजेंद्रला सांगितलं.
मांडीवर पेटी, झाकण नसलेली, दातात पेचकस.
पेचकस काढून म्हणाला, फक्त?
सूर बदलला, आणि वर फक्त?
यमनातला मध्यम तीव्रचा शुद्ध कर,
बाकीचे सहा तेच ठेव,
लोक त्याला यमन म्हणतील का? बिलावल म्हणतील.
एक संध्याकाळचा, एक सकाळचा.
(मधली रात्र माझी, वॉर्ड नंबर नऊ.)
त्यानं वाजवून दाखवलं.
यमन लख्ख आला.
बिलावलात, नेमक्या मध्यमाला, पेटी खोकली.
पुन्हा वाजवलं. पुन्हा खोकली.
गंजलाय, तो म्हणाला,
नवा सूर पालिताण्याहून मागवावा लागेल.
महिना तरी लागतो.

पुढच्या रविवारी मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसले.
कुणाच्या लक्षात आलं नसावं.
रांग निघाली. मी गुडघे तिरके केले.
ग्रेटा वळून बघत होती.
पाय दुखत होता,
या वेळी खरंच.